बुचावरची सुतळी

बीदर,
गुरुवार, ता. ३० जानेवारी १९३६

सौ. सिद्धक्का हिस शिवगंगाचा शरणार्थ.

इकडे सर्व ठीक आहे. तिकडे कल्याणीलाही तू, दाजी आणि मुले ठीक असाल असे धरून चालते. गेल्या दोन उन्हाळ्यांत तुझे पत्र आले नाही आणि मीही पाठवले नाही, त्यामुळे धरून चालण्याशिवाय दुसरी सोय नाही.

अव्वाची प्रकृती चांगली आहे. हिवतापाने ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा तू पाहिलीसच. त्यावर आता विश्वास बसणार नाही. सकाळी मैलूरच्या मळ्यापर्यंत चालत जाते आणि वाटेत दोघीतिघींशी भांडून परत येते. भूक लागते. जेवणानंतरचे औषध चालू आहे आणि ते तिला मानवले आहे. दम मात्र अजून थोडा लागतो. आमच्या डॉक्टरबाईंनी तिची छाती तपासली आणि म्हणाल्या, "आईला आठ दिवस समुद्राची हवा खाऊ घाला."

त्यांनी हे सहज म्हटले. अव्वाने ते उचलून धरले. आता रोज समुद्र चालू आहे. काल विचारत होती, "मांजरेला पूर येतो तेवढा असंल का गं?"

"त्याहून मोठा," मी म्हटले.

"पलीकडचा काठ दिसतो की न्हाई?"

"नाही."

"मग त्येला समुद्र कामून म्हणायचं? नुसतं पाणीच की."

तिला समुद्राआधी आणखी एक पाहायचे आहे, ते म्हणजे द्राक्षाचे वेल. तिच्या औषधात द्राक्षे असतात हे मी तिला एकदा सांगितले होते. ज्या वेलाने मला उठवून बसवले तो वेल एकदा हाताने शिवायचा आहे, असे तिचे म्हणणे. वेल नाशिकला आहेत आणि शिवरात्रीच्या सुमारास तिकडे घड पिकू लागतात. म्हणून मी दोन्ही गोष्टी एका प्रवासात बसवल्या आहेत. पत्र लिहिण्याचे कारण हेच.

मार्ग असा. बीदरहून विकाराबाद, तेथून वाडी, वाडीला मुंबईची गाडी. गुलबर्गा, सोलापूर, पुणे करत कल्याण जंक्शनला उतरायचे (तुमचे कल्याणी नव्हे, हे अव्वाला तीनदा समजावले) आणि तेथे नाशिकची गाडी धरायची. नाशिकला मठात उतरू. ओझरच्या बाजूला द्राक्षमळे आहेत, तिकडे टांगा जातो. मग मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून आगबोट, आणि अलिबाग. तेथे डॉक्टरबाईंच्या मावशीचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. ओहोटीला तेथल्या किल्ल्यापर्यंत वाळूतून चालत जाता येते असे ऐकते. अव्वाच्या लिंगपूजेसाठी तांब्यात वेगळे पाणी घेणार आहे. बोटीसाठी लिंबू आणि पुदिन्याचा अर्क घेणार आहे. वेळापत्रक रेल्वेतल्या एका माहितगार गृहस्थांकडून मिळाले, त्यामुळे त्यात चूक नसावी.

आता तुझ्याकडे दोन कामे. प्रवासाला कडक भाकरी लागतील. माझ्या जाड होतात आणि अव्वाच्या आता कडक होत नाहीत. तुझ्या महिनाभर टिकतात. कोणाबरोबर पाठवता आल्या तर पाठव.

दुसरे काम म्हणजे तू आमच्याबरोबर यावेस. हुमनाबादवरून मोटारीने गुलबर्ग्याला आलीस तर आम्ही तुला फलाटावरून गाडीत घेऊ. दोन बायकांनी एवढा लांब प्रवास करण्यापेक्षा तीन बऱ्या, हे एक कारण आहे.

तू विचारशीलच म्हणून सांगते. हातात अजून एकेकच बांगडी आहे. खलात बत्ता फिरवताना काच फुटते आणि औषधात जाते. शिकताना हैद्राबादेत हे आम्हांला पहिल्या दिवशी सांगितले होते. त्यात बदल नाही.

दाजींना शरणार्थ, मुलांना आशीर्वाद.

शिवगंगा,
कंपाउंडर, जनाना दवाखाना, बीदर


बीदर,
रविवार, ता. ९ फेब्रुवारी

सिद्धक्का,

तुझे कार्ड पोचले. आजवर तुझी चार-चार पानी पत्रे मी वाचली, पण इतके नेमके पत्र तू कधी लिहिले नव्हतेस. "माहितगार गृहस्थ कोण?" एवढेच. नमस्कारही नाही.

प्रश्न बरोबर आहे. उत्तर तुला माहीत आहे. तरी लिहिते.

ते लिंगराज. कडगंचीचे. आपल्या बीदरच्या लाइनीवर गार्ड आहेत. दाजींनी ज्यांना नाकारले तेच.

हे पत्र फेकू नकोस. शेवटपर्यंत वाच. यात एक गोष्ट आहे जी मी तुला त्या वेळी सांगायला हवी होती, पण सांगता येत नव्हती. का येत नव्हती, तेही यातच आहे.

अव्वाचे औषध म्हणजे द्राक्षासव. डॉक्टरबाईंच्या गोळ्यांनी ताप गेला, पण भूक परतली नाही. तेव्हा हैद्राबादच्या बेगमबाजारातल्या वैद्यांनी ते सुचवले. आसव म्हणजे आंबवलेला रस. द्राक्षे, गूळ आणि धायटीची फुले घालून मडक्याचे तोंड बंद करतात. आत मद्यार्क आपोआप तयार होतो आणि औषध त्यामुळेच टिकते. सोप्या भाषेत सांगायचे तर ती द्राक्षाची दारू आहे, औषधाच्या मात्रेत. आता आपली अव्वा आठव. गल्लीत कोणी शिंदी पिऊन आला तर ती ओट्यावर पाणी ओतून ओटा धुते. तिला हे कळले असते तर तिने चमचा पुन्हा तोंडाला लावला नसता. आणि चमच्याने तिला भूक लागत होती. मी रोज पाहत होते. म्हणून मी गप्प बसले.

बीदरच्या बाजारात हे मिळत नाही. बाटली हैद्राबादेहून लिंगराज आणत. आमची ओळखच तशी झाली. माझ्यासाठी औषधांच्या पेट्या येतात त्या उतरवून घेताना मी त्यांना बरण्यांवरून दोनदा बोलले होते आणि त्यांनी दोन्ही वेळा ऐकून घेतले होते. बाटलीत काय आहे हे मी त्यांना सांगितले. अव्वाच्या कानावर जायला नको, हेही सांगितले. ते म्हणाले, "माझ्याकडनं जाणार न्हाई."

आता तो वैशाखातला दिवस आठव. दाजी स्टेशनावर मुलगा पाहायला आले होते. कडक ऊन. गार्डाच्या डब्यात बाटली होती. उन्हात आसव पुन्हा आंबू लागते आणि बाटलीत जोर धरते. विकाराबाद सोडल्यावर बूच उडाले आणि सगळे द्राक्षासव त्यांच्या कोटावर. बदलायला दुसरा कोट नव्हता. गाडी बीदरला लागली, दाजी पुढे झाले, आणि पुढचे मला भीमण्णा हमालाने सांगितले, कारण तो सामान घेऊन तेथेच उभा होता.

दाजी म्हणाले, "काय गार्डसाहेब, सकाळपासूनच व्हय?"

लिंगराज म्हणाले, "कोट भिजलाय, दाजी."

तेवढेच. त्यांना एका वाक्यात सुटता आले असते. "सासूबाईंचं औषध सांडलं" म्हटले असते तर दाजींनी घरी येऊन अव्वालाच विचारले असते. ते त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी दारुड्याचे नाव अंगावर घेतले आणि शिटी वाजवून पुढे गेले.

दाजींचे काही चुकले असे मी म्हणत नाही. तसा वास आल्यावर मीही तेच ठरवले असते. अव्वाला त्यांनी "घर लांब पडतं" एवढेच सांगितले, तेही तिला दुःख नको म्हणून. मग तू उदगीरच्या डाळ गिरणीवाल्यांचे स्थळ आणलेस आणि मी नाही म्हटले. तू का म्हणून विचारलेस, आणि मी काही बोलले नाही. तू म्हणालीस, "मी आईवानी तुला वाढवले आणि मला कारणसुद्धा नाही?" मग तू गेलीस आणि पत्रे थांबली.

कारण हे होते.

त्यानंतर माझे आणि त्यांचे बोलणे झालेले नाही. पण बाटली एकदाही चुकली नाही. भीमण्णा घरी आणून देतो. बुचावर कापड बांधलेले असते आणि त्यावर सुतळीचे फेर, आडवे आणि उभे, गाठ बरोबर मधोमध. त्या दिवसापासून एकही बूच हललेले नाही. मी बाटली उकळून, वाळवून परत पाठवते. मागच्या वेळी त्यावरच्या चिठ्ठीत "सावलीत ठेवावी" याखाली मी एक ओळ जास्त लिहिली: अव्वाला समुद्र पाहायचा आहे. पुढच्या बाटलीला वेळापत्रकाचे पान गुंडाळलेले आले. गाड्यांखाली शिसपेन्सिलीच्या रेघा होत्या. नाशिकच्या समोर लिहिले होते, "द्राक्षे शिवरात्रीनंतर गोड." मी काही द्राक्षांविषयी विचारले नव्हते. अव्वाला वेल पाहायचा आहे हे भीमण्णानेच सांगितले असणार. अव्वा सगळ्या गावाला सांगते.

एवढेच आहे. पुरावा म्हणून दाखवण्यासारखे दुसरे काही नाही. पण दर महिन्याला ती गाठ सोडताना मला जे वाटते ते मी मोजू शकत नाही आणि मला न मोजता येणाऱ्या वस्तू आवडत नाहीत, हे तुला माहीत आहे. तरीही ही मला हवी आहे.

मला त्यांच्याशी लग्न करायचे आहे, अक्का. तुझ्यावाचून करायचे नाही. म्हणूनच समुद्राचे निमित्त काढून तुला लिहिले.

हे तुझ्यापुरते ठेव. अव्वाला औषधाविषयी कळता कामा नये.

शिवगंगा


बीदर,
सोमवार, ता. १७ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

"तुझ्यापुरते ठेव" असे मी स्पष्ट लिहिले होते. मी तुला लिहिले होते, दाजींच्या नाकाला नव्हे.

दाजी परवा दुपारी मोटारीने आले. म्हणाले, आडत्याकडे काम होते. आडत्याकडे ते गेलेच नाहीत. जेवायला बसले, पाटावरून इकडे-तिकडे पाहत राहिले आणि अव्वाच्या औषधाची वेळ होईपर्यंत उठलेच नाहीत. मी बाटली काढली, सुतळी सोडली, चमच्यात औषध ओतू लागले.

"मामी, ते काय घ्यायलाव?"

"औषध. तुला कशाला? धट्टाकट्टा हायस की."

"जरा वास बघू दे."

मी डोळ्यांनी नको म्हटले. त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली, नाकाशी धरली, डोळे मिटले, पुन्हा धरली. मग मोठ्याने म्हणाले, "ह्योच! अगदी ह्योच वास होता त्याच्या कोटाला!"

 चमचा पाटावर सांडला.

"कुणाच्या कोटाला?" अव्वाने विचारले.

 दाजीच म्हणाले, "त्या गार्डाच्या. कडगंचीच्या."

"त्यो पोरगा? त्येचं घर लांब पडतंय म्हणलास की."

"मग काय सांगू मामी? पिऊन आलता असं वाटलं. आता कळायलंय की तुमच्या बाटलीचं बूच उडालं हुतं."

अव्वाने माझ्याकडे पाहिले, मग दाजींकडे. मला वाटले आता चमचा अंगणात जाणार आणि बाटलीही. मी सावकाश सुरुवात केली, "अव्वा, आसव म्हणजे..."

"मला शिकवायलीस? माझं माहेर शिंदीच्या बनाला लागून. आंबलेलं कुठलं आन् गोड कुठलं, हे मला दूध सुटायच्या आधीपासून ठाव. पैल्या चमच्यालाच कळलं मला."

"मग घेतलेस कसे?"

"तू एवढी मापून, थेंब बघून द्यायलीस. मला वाटलं, ह्या पोरीला ठाव न्हाई ह्यात काय हाय. कळलं तर बंद करंल. म्हणून गप बसले."

अक्का, मी प्रशिक्षित कंपाउंडर आहे. मी एवढी वर्षे तिच्यापासून लपवत होते आणि ती तेवढीच वर्षे माझ्यापासून.

"गळ्यातल्या लिंगाला सांगूनच घेते रोज," अव्वा म्हणाली. "हे औषध हाय म्हणते, देवा. पण चव बरी हाय, हेबी सांगते. त्येच्यापासून काय लपवायचं."

दाजी आधी तोंड दाबून हसत होते, मग उघड हसू लागले. मग म्हणाले, "मामी, मलाबी लई खोकला हाय. चमचाभर द्या की."

"तुला न्हाई. तुझा कोट वास मारंल."

मी हसले. किती दिवसांनी ते आठवत नाही. इतकी, की पदर तोंडाला लावावा लागला.

पण हसणे संपल्यावर अव्वा खरोखर रागावली. दाजींवर, माझ्यावर, आणि इथे नसताना तुझ्यावरही. "माझ्या बाटलीपायी माझ्या पोरीचं लगीन अडवून बसलाव व्हय रे सगळे? आन् मला एकानं इचारलं न्हाई? उठ. त्या पोराला घेऊन ये."

दाजी उठले. खरेच उठले. संध्याकाळच्या गाडीला स्टेशनावर जाऊन उभे राहिले. पुढचे पुन्हा भीमण्णाकडूनच कळले. तो माणूस बीदरच्या तारखात्यापेक्षा जलद आहे. गाडी थांबल्यावर दाजी गार्डाच्या डब्याशी गेले आणि म्हणाले, "काय गार्डसाहेब, कोट वाळला का?"

लिंगराज म्हणाले, "कवाच वाळला, दाजी. वास तुमच्या नाकात राहिलाय."

दाजींनी त्यांचे दोन्ही हात धरले असे भीमण्णा सांगतो. दाजी म्हणतात, एकच धरला. मी कोणाचेच खोटे म्हणत नाही.

काल सुटी होती म्हणून लिंगराज घरी आले. अव्वाने त्यांना समोर बसवून कडगंचीची सगळी चौकशी केली, जमीन किती, विहिरीचे पाणी गोड की मचूळ, आई कुणाची कोण. मग एकदम म्हणाली, "तुम्ही तवा गप कामून बसलाव?"

ते म्हणाले, "शब्द दिला हुता."

"कुणाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मीही नाही. अव्वाने दोघांकडे पाहिले आणि आत जाऊन गूळ-शेंगा घेऊन आली.

ते निघताना मी म्हटले, "सुतळीच्या गाठी चांगल्या बसतात." तेवढ्या वेळात मला तेवढेच सुचले.

ते म्हणाले, "घरी खांबाला बांधून शिकलो. पैल्या धा-बारा सुटल्या."

आता ठरले ते असे. शिवरात्रीनंतरच्या सोमवारी आपल्या मठात लग्न. जंगमस्वामी येतील, कडगंचीची माणसे येतील, तुम्ही याल. वाजंत्री नको असे मी म्हटले, अव्वा म्हणाली, "तुला नको तर कान झाक." लग्न आधी आणि प्रवास नंतर, याला एक व्यावहारिक कारणही आहे. गार्डाच्या पासावर बायको बसते, होणारी बायको बसत नाही. सासू आणि मेहुणीही बसत नाहीत, तेव्हा तुम्ही दोघी तिकिटाने. अव्वा म्हणते, "बरं झालं. तुमच्या पासाची ऐट आम्हांला नको. आम्ही दोघी येगळ्या डब्यात बसून तुमच्यावर बोलू."

मग नाशिकला वेल, अलिबागला समुद्र. लिंगराजांनीही समुद्र पाहिलेला नाही. आपण सगळेच तेवढेच अडाणी राहू, हे मला बरे वाटते. डॉक्टरबाईंनी रजा मंजूर केली आणि अलिबागला मावशींना लिहिले. औषधाची नवी बाटलीही बरोबर घेते आहे. लिंगराज म्हणाले, मी धरतो. मी म्हटले, यावेळी टोपलीत, ओल्या फडक्यात, सावलीला.

आता तुझ्याविषयी. दाजी आले तेव्हा मोटारीच्या टपावरून त्यांनी भाकरींचे गाठोडे उतरवले. भाकरी एकही मोडलेली नाही. मग त्यांनी तुझी पत्र्याची पेटी उतरवली. मी विचारले, "अक्का येणार आहे का?"

दाजी म्हणाले, "मी विचारलो तर म्हणली, न्हाई. आन् पेटी माझ्या हाती दिली. म्हणलो, पेटी एकटीच जाणार हाय का समुद्र बघायला? तर म्हणली, तुम्ही गप घेऊन जावा."

पेटी माझ्या खाटेखाली आहे. तिला कुलूप आहे आणि किल्ली तुझ्या कमरेला असते. मी ती उघडायचा प्रयत्न केलेला नाही. अव्वाने मात्र एका बाजूने उचलून हलवली आणि कान लावला. म्हणाली, "गंगे, आत काच वाजायली बघ."

मी म्हटले, "हलवू नको. फुटेल."

आपल्याकडे नवरीचा हिरवा चुडा थोरल्या बहिणीने आणायचा असतो आणि तिनेच भरायचा असतो. अव्वाने तेव्हा ते बोलून दाखवले नाही. मीही नाही. पण त्यानंतर मी त्या पेटीवर एक घडी घातलेले कांबळे टाकले आहे, कोणाचा पाय लागू नये म्हणून.

आज दवाखान्यात खल आणि बत्ता धुऊन फळीवर ठेवला. मी परत येईपर्यंत त्याला काम नाही. एकेक जुनी बांगडी होती तीही उतरवली.

अक्का, किल्ली घेऊन ये.

दोन्ही हात मोकळे करून तुझी वाट पाहणारी,
तुझी गंगी